पाण्याची बादली घेऊन धावण्याआधी

ताई, सलाम.

तुमचे पत्र सावकाश वाचले. तुमच्या मंडळीत २२ दिवसांपासून रोज रात्री प्रार्थना चालू आहे. तरुण संघातली मुले हुंदके देऊन रडतात, थरथरतात, काही जण जमिनीवर पडतात, सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात आणि घरी जायला रात्रीचा एक वाजतो. तुमची अकरावीतली मुलगीही त्यात आहे. वडील मंडळींपैकी काही याला संजीवन म्हणतात, म्हणजे देवाच्या आत्म्याने मंडळीत आणलेली नवी जागृती. काही म्हणतात, हा नुसता भावनेचा पूर आहे, चर्चला कुलूप घाला. तुम्ही मुलीला समजवायला गेलात तेव्हा ती म्हणाली, "आई, आत्म्याला विझवू नकोस." आता खरे काय ते ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या खेड्यांत मी ३४ वर्षे पाळक होतो. या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी चुकलो आहे. एकदा जे देवाचे नव्हते ते देवाचे म्हणून मिरवले. एकदा जे देवाचे होते त्याला नाके मुरडली. त्यामुळे घाईने काही सांगणार नाही.

मुलीने वचन बरोबर सांगितले. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, पाचवा अध्याय, १९ वे वचन. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे थांबत नाही. २१ व्या वचनात तो सांगतो की सगळ्याची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा. न विझवणे आणि पारखणे या दोन्ही आज्ञा त्याने एकाच दमात दिल्या आहेत. तुमच्या वडील मंडळींनी त्या आपसांत वाटून घेतल्या आहेत, इतकेच. मुलीला हे रागाने सांगू नका. शास्त्र उघडून तिच्याशेजारी बसा आणि दोन्ही वचने तिलाच वाचायला सांगा.

विझवण्यावरून केडगाव आठवते. दौंड तालुक्यातले हे गाव तुमच्यापासून काही लांब नाही. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी त्यांनी काढलेल्या आश्रमात, रोज प्रार्थनेला कोण येईल असे विचारले, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा ५५० वर गेला. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. दुसऱ्या एका मुलीला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. बादली ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की ही जळत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांतपणाने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. मुली रडून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना शिकवणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस हेच चालले. पापांगीकार, रडणे, शेकडो गळ्यांतून एकदम उठणारी प्रार्थना. तुमच्याकडे जे दिसते त्याच्याशी हे बरेच जुळते, नाही का?

मला त्या बादलीवालीचे कौतुक वाटते. तिने धाव घेतली, कारण मैत्रीण जळते आहे असे तिला वाटले. पण ओतण्याआधी तिने नीट पाहिले. तुमच्या मंडळीतले जे वडील कुलूप मागतात त्यांच्याही मनात माया असेल. त्यांनी आधी पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि रमाबाई काही भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या बाई नव्हत्या. शास्त्र्यांच्या घरची मुलगी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, त्या या बाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे बाहेरचा आणि आतला धर्म यांतला फरक त्यांना आपल्याच जिवावर कळला होता. या आरडाओरड्याला काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी नावे ठेवली, तेव्हा रमाबाईंनी १९०७ साली लिहिले त्याचा आशय असा: देवाने भारतीयांना जसे घडवले आहे, जशा त्यांच्या भावना आहेत, त्याला साजेसेच संजीवन त्यांच्यात येऊ द्या, ते पाश्चात्त्य वळणाचे नसले तरी चालेल. पुढे तिथे अन्य भाषांचाही, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याचाही, अनुभव आला. रमाबाईंनी त्याला बंदी केली नाही, आणि तोच आत्म्याचा एकमेव पुरावा आहे असेही मानले नाही.

या मुली कोण होत्या हेही विसरू नये. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. ज्यांचे मायबाप रस्त्यात गेले, ज्यांना कोणी धड रडूही दिले नव्हते, त्या देवापुढे रडल्या. त्याला अतिरेक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या मंडळीतल्या रडणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी काय चालले आहे, हे वडील मंडळींपैकी कोणी विचारले आहे का? बाप दारू पितो, बहीण नांदत नाही, बारावीत दोनदा नापास. प्रार्थनेत हे बांध फुटतात. फुटू द्यावेत. पण हंबरडा फोडला म्हणजे पश्चात्ताप झाला, असे वहीत लिहून घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. अश्रू, थरथर, पडणे, आवाज यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हे देवाचे आहे हेही नाही आणि देवाचे नाही हेही नाही. माझी समजूत इथे पक्की व्हायला फार वर्षे गेली. जोनाथन एडवर्ड्स यांनी ही गोष्ट सर्वांत नेटाने मांडली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावचे हे पाळक. १७३४-३५ साली त्यांच्या गावात मोठी जागृती झाली, १७४० नंतर आणखी मोठी. १७४६ साली त्यांनी धार्मिक भावनांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आधी १२ खुणा अशा दिल्या की ज्यांच्यावरून कोणताच निकाल देता येत नाही. भावना फार तीव्र असणे, शरीरावर परिणाम होणे, वचने आपोआप मनात येणे, खूप बोलावेसे वाटणे, तासन्‌तास उपासनेत रमणे, हे सगळे त्यांनी त्या यादीत घातले. मग खऱ्या कृपेच्या १२ खुणा सांगितल्या. त्यांतल्या शेवटच्या खुणेवर त्यांनी सर्वांत जास्त पाने खर्च केली. ती खूण म्हणजे आचरण. वर्षानुवर्षांचे आचरण.

एडवर्ड्स हे बाहेर उभे राहून टीका करणारे नव्हते. त्यांची पत्नी सारा १७४२ साली देवाच्या प्रीतीच्या जाणिवेने इतकी भरून गेली की अंगातले त्राण गेले. त्यांनी ते आदराने लिहून ठेवले. पण १७३५ च्या जूनमध्ये त्यांच्या मावशीच्या यजमानांनी, आपल्या तारणाच्या चिंतेने खचून, आत्महत्या केली होती. एकाच पाळकाने हे दोन्ही आपल्या घरात पाहिले. त्यांच्या लिखाणात इतकी सावधगिरी का, ते यावरून कळते. तुमच्या तरुणांपैकी कोणी 'मी नरकातच जाणार, मला क्षमा नाही' असे दिवसेंदिवस म्हणत असेल, जेवत-झोपत नसेल, तर ते आत्म्याचे काम म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे ठेवू नका, पाळकसाहेबांना सांगा आणि डॉक्टरांकडेही न्या.

एडवर्ड्स यांच्याच काळात जेम्स डॅव्हनपोर्ट नावाचे उपदेशक होते. १७४३ च्या मार्चमध्ये न्यू लंडन गावात त्यांनी लोकांकरवी चांगल्या चांगल्या धर्मग्रंथांची होळी केली. दुसऱ्या दिवशी मौल्यवान कपड्यांचा ढीग घातला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली चूक छापून जाहीर केली. तो आवेश आत्म्याचा नव्हता, हे त्यांनी मान्य केले. मला त्या होळीपेक्षा ती कबुली मोठी वाटते.

आपल्या मातीतली एक गोष्ट इथे बोलायलाच हवी, कारण खेड्यातल्या मंडळीत ती सगळ्यांच्या मनात असते आणि कोणी उघड बोलत नाही. अंगात येणे. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ते पाहिले आहे, काहींनी अनुभवलेही आहे. हलगी वाजली, ऊद पेटला, की केस सोडून घुमायचे, हे शरीर शिकलेले असते. आपले संतही अष्टसात्त्विक भाव जाणत होते. रोमांच, कंप, अश्रू, घाम, स्वर कापरा होणे. म्हणजे मोठ्या भावनेपुढे शरीर असे वागते हे मराठी माणसाला नवे नाही. तेव्हा चर्चमध्ये कोणी थरथरले तर 'हे तर अंगात आले' म्हणून त्याला हिणवू नये, आणि 'हा आत्माच' म्हणून त्याचा जयजयकारही करू नये. पौलाने करिंथच्या लोकांना नेमके हेच लिहिले. तुम्ही पूर्वी मूर्तींकडे ओढले जात होता, असे तो सांगतो आणि लगेच विचारतो की आता हा आत्मा येशूला प्रभू म्हणतो का? मग १४ व्या अध्यायात म्हणतो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. ज्याला थांब म्हटल्यावर थांबता येते, तो आत्म्याच्या अधीन आहे. 'मला थांबवताच येत नाही' म्हणणाऱ्याला बाजूला बसवा, पाणी द्या, त्याच्याशी हळू बोला.

इस्राएलचा राजा शौल याची गोष्ट तुमच्या तरुणांबरोबर जरूर वाचा. शमुवेलाचे पहिले पुस्तक, १९ वा अध्याय. दावीदाला पकडायला तो निघाला होता. वाटेत देवाचा आत्मा त्याच्यावर आला, तो भाकीत करू लागला आणि दिवसभर व रात्रभर उघडा पडून राहिला. पाहणाऱ्यांना वाटले, शौलही संदेष्ट्यांपैकी झाला. पुढच्याच अध्यायात तो आपल्या पोटच्या मुलावर, योनाथानावर, भाला फेकतो. अनुभव खरा, आत्मा देवाचा, आणि माणूस जिथल्या तिथे. त्याने भाला खाली ठेवलाच नाही.

मी पाहतो ते हेच. भाला खाली ठेवला का?

पाळक होऊन चारच वर्षे झाली होती तेव्हा मी तीन दिवसांची संजीवन सभा भरवली. मंडप, मोठे स्पीकर, बाहेरून आलेले वक्ते. शेवटच्या रात्री लोक दमले होते, उपाशी होते. मंद सुरात पेटी चालू ठेवायची आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायची, हे मला जमले होते. पहिला माणूस पडला तसे आणखी पडले. वर आलेले हात मी मोजले, वहीत आकडा लिहिला आणि तो सगळीकडे सांगितला. त्या सभेत मधुमेहाच्या एका माणसाला बरे झाल्याचे जाहीर केले गेले. मी गप्प राहिलो. त्याने औषध सोडले आणि पुढे त्याच्या पायावर बेतले. तो आकडा मी देवाचा म्हणून सांगितला होता. त्या माणसाची आणि देवाची मी नंतर क्षमा मागितली, पण त्याचा पाय काही परत आला नाही.

आणि दुसरी गोष्ट, बऱ्याच वर्षांनंतरची. पावसाळ्यातल्या बुधवारच्या प्रार्थनेला जेमतेम २० माणसे होती. वीज गेलेली. बायबलातले नहेम्याचे पुस्तक वाचायला घेतले होते. त्या रात्री पाचवा अध्याय आला, ज्यात भावांनी भावांकडून गहाण घेतलेली शेते आणि द्राक्षमळे परत केले. संदेश संपला, प्रार्थना झाली, एक शेतकरी खाली मान घालून बसला होता. डोळ्यांत पाणी होते की नाही, अंधारात दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टिकाव आणि दोरी घेऊन शेतावर गेला. धाकट्या भावाला वाटले, भांडायला आला. यानेच दरवर्षी नांगरताना बांध थोडा थोडा कोरून साडेतीन हात आत घेतला होता. तो त्याने स्वतःच्या हाताने होता तिथे परत घातला. मग दोघे भाऊ बांधावर बसून रडले. त्यानंतर महिनाभरात गावात उधाऱ्या फिटल्या, एका सुनेला माहेरून परत आणले, दोघांनी बाटली सोडली. कोणी घोषणा केली नाही. आणि मी? मी सुरुवातीला त्याच्याकडे लक्षच दिले नाही, कारण संजीवन म्हणजे काय याचे माझ्या डोक्यातले चित्र वेगळे होते.

जक्कय या जकातदाराने अर्धे धन गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे सांगितले, तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण आले. केडगावातही मुली रडून थांबल्या नाहीत. त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल करत राहिल्या. हे काम त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत चालले आणि मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले जाऊन ते १९२४ साली बाहेर आले. इतकी वर्षे कोश चाळायचे, छपाईचे खिळे जुळवायचे, प्रुफे तपासायची. १९०५ च्या त्या अग्नीची ऊब मला या कामात जाणवते.

एका गोष्टीची काळजी मात्र मला वाटते. २२ रात्री, एक वाजेपर्यंत, आणि त्यात उपास. १९०४ साली वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या २६ वर्षांच्या तरुणापासून मोठे संजीवन पेटले. त्यातून लाखभर लोक मंडळ्यांत आले असे म्हणतात. त्याचीच बातमी केडगावाला आणि ईशान्येकडच्या खासी टेकड्यांना पोहोचली होती. पण झोप आणि विश्रांती न घेता तो इतका राबला की १९०६ साली पार कोलमडला आणि पुन्हा कधी तसा उभा राहिला नाही. तेव्हा सभा साडेदहाला संपवा. देव साडेदहाच्या आतही काम करतो. मुलांना पोटभर जेवू घाला. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले तेव्हा पुढाऱ्यांनीच त्यांना थांबवले, जा, खा-प्या आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवा, असे सांगितले. दिवे लावून ठेवा. भराभर श्वास घेऊन हातांना मुंग्या येणे आणि चक्कर येणे हा शरीराचा साधा धर्म आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाहीत आणि त्याला चिन्हही मानणार नाहीत. कपाळाला हात लावून कोणी कोणाला ढकलू नये. मुलींबरोबर प्रार्थनेला वडीलधाऱ्या बायकाच असाव्यात. 'प्रभूने मला दाखवले' म्हणून कोणाचे लग्न, नोकरी, पैसा ठरवला जात असेल तर तो संदेश तिथेच थांबवून वडील मंडळींसमोर आणा. कोणाचेही औषध डॉक्टरांशिवाय बंद होणार नाही, हे पाळकसाहेबांनी सर्वांसमोर स्पष्ट सांगावे. आणि मोबाइल बाहेर ठेवा. रडणाऱ्या मुलीचा व्हिडिओ गावभर फिरणे हे पाप आहे, मी त्याला दुसरे नाव देणार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या अ‍ॅसबरी विद्यापीठात एका साध्या सकाळच्या उपासनेनंतर विद्यार्थी उठलेच नाहीत आणि ती १६ दिवस चालली. तिथे गर्दी उसळली तेव्हा चालकांनी नामवंतांना व्यासपीठ दिले नाही, आणि याला संजीवन म्हणण्याची घाईही केली नाही. ते मला फार शहाणपणाचे वाटले.

रोजच्या प्रार्थनेतला निम्मा वेळ शास्त्र वाचायला द्या. योहानाचे पहिले पत्र घ्या, पाचच अध्याय आहेत. ज्याला वचनाचा कंटाळा येतो आणि गाण्याचीच ओढ लागते त्याला काय हवे आहे, हे दोन आठवड्यांत दिसेल.

तुमच्या मुलीबद्दल. तिच्या रडण्याकडे पाहू नका, सकाळी ती तुमच्याशी आणि धाकट्या भावाशी कशी बोलते ते पाहा. कॉलेजात कॉपी करत असेल तर ती सुटली का? जिच्याशी अबोला होता तिच्याकडे ती गेली का? अकरावीतल्या मुलीकडून संतपणाची अपेक्षा करू नये, पण दिशा दिसते. आणि एक दिवस तिच्याबरोबर तुम्हीही प्रार्थनेला बसा. दारात उभ्या राहू नका, तिच्याशेजारी बसा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे. तिच्यावर माझे मन अडकले आहे. पेटी वाजवणारे भाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सात वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही या २२ रात्री आले आहेत आणि दोन टोकांना बसले आहेत. पुढच्या रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन आहे. त्याआधी पाळकसाहेबांना आणि एका वडिलांना घेऊन संध्याकाळी थोरल्याच्या घरी जा. पाण्याची पाळी कोणाची, किती तासांची, हे कागदावर लिहून न्या. जाताना धाकट्यालाही बरोबर घ्या. तो यायला तयार झाला का, ते मला कळवा.